सिंहाचा रुपया

लखनौच्या चौकात गोल दरवाज्यातून आत शिरलं की सराफ्याची गल्ली लागते. गेल्या पावसाळ्यात तिथल्या एका पेढीवर मी आमच्या घरातलं चांदीचं एक नाणं दाखवायला नेलं. सराफाने ते बोटांत फिरवलं, काचेवर टाकून आवाज ऐकला आणि आधी त्यावर मासा आहे का ते पाहिलं. इकडे अवधच्या नवाबांचे मासेवाले रुपये सगळ्यांच्या ओळखीचे आहेत; मासा दिसला की भाव बदलतो. मासा नव्हता. "विलायती है, बहनजी," तो म्हणाला. "टंच का भरोसा नहीं. चालीस परसेंट घट कटेगी." तराजूवर ८.९३ ग्रॅम आले. कागदावर आकडा लिहून त्याने तो माझ्यापुढे सरकवला आणि दुसऱ्या हाताने एक पितळी परात पुढे ओढली. परातीत तुटकी पैंजणं होती, चेपलेल्या वाट्या होत्या, जोडव्यांचे तुकडे होते आणि आठ-दहा नाणी होती. हे सगळं संध्याकाळी गलाईला जायचं होतं. मी नाणं उचललं आणि परत निघाले, पण परातीतली ती आठ-दहा नाणी अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. त्यातली दोन तरी परदेशी होती. ती कुठली, हे विचारायच्या आत वितळली असणार.

त्या सराफावर माझा राग नाही. ओळख पटलेली नसताना, टंचाची, म्हणजे चांदीच्या शुद्धतेची, खात्री नसताना त्याने जोखीम का घ्यावी? ओळख पटवून द्यायची कुणी आणि कुठे, हा खरा प्रश्न आहे, आणि चांदी किलोला लाखाच्या पुढे गेल्यापासून तो रोजचा झाला आहे. भाव चढला की घरोघरच्या डब्यांतून जुनी नाणी बाहेर येतात आणि मोडीत जातात. त्यात ओळखू न येणारी, झिजलेली, परक्या लिपीतली नाणी सगळ्यांत आधी जातात. राणी छाप कलदार रुपयाला धनत्रयोदशीला गिऱ्हाईक असतं. गुळगुळीत झालेल्या परदेशी नाण्याचं कुणीच नसतं.

आमच्या घरात या नाण्याला 'सिंहाचा रुपया' म्हणत. माझे आजोबा साताऱ्याकडचे. पंडित भातखंडे यांनी १९२६ साली कैसरबागेत संगीताचं विद्यालय काढलं. तिथे गाणं शिकायला आजोबा आले आणि शिकून झाल्यावर इथल्याच एका शाळेत गाण्याचे मास्तर म्हणून राहिले. भाड्याच्या घराला लागून एका शेजारणीचं घर होतं; त्यांना सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणत. १९४१ साली आजी पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली, तेव्हा खालांनी तिला दारात थांबवलं आणि हिरव्या रेशमी पट्टीत काहीतरी गुंडाळून तिच्या उजव्या दंडावर बांधलं. तो इमाम ज़ामिन होता. लखनौत प्रवासाला निघालेल्या माणसाच्या दंडावर असं नाणं बांधतात, आठव्या इमामाच्या, इमाम रज़ांच्या हवाली त्याला करतात. मुक्कामी सुखरूप पोचलं की ते नाणं गरजूला द्यायचं असतं. हा शेवटचा भाग आजीला ठाऊक नव्हता. चारबाग स्टेशनवरून निघालेली आजी साताऱ्याला पोचली, पट्टी सोडली, आत सिंहाचं चित्र दिसलं, आणि देवीचं वाहन म्हणून तिने ते देवघरात ठेवलं. पुढे सोनाराकडून भोक पाडून घेऊन काळ्या दोऱ्यात माझ्या वडिलांच्या गळ्यात घातलं.

ही हकिकत मी लहानपणापासून ऐकत आले, पण नाणं कुठलं हे कुणालाच माहीत नव्हतं. सिंह आहे म्हणून इंग्रजांचं, असं वडील म्हणत. चुलत्यांच्या मते ते सिंहलद्वीपाचं. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलं, तीस वर्षं. आणि तीस वर्षं हे नाणं माझ्या कपाटात होतं. सराफ्यातून परतले त्या रात्री मी ते पहिल्यांदा नीट हातात घेतलं.

झिजलेलं नाणं समोरून पाहून वाचता येत नाही. खोलीतला दिवा मालवून मोबाइलची बॅटरी नाण्याच्या अगदी कडेला, जवळजवळ आडवी धरायची. उंचवट्यांच्या सावल्या पडतात आणि दिवसा न दिसणारी रेघ उठून येते. नाणं हळूहळू फिरवत गेलं की एका कोनात सिंहाचा पंजा दिसतो, दुसऱ्या कोनात त्यातली तलवार. मग पातळ कागद वर ठेवून मऊ पेन्सिल हलकी घासायची, शाळेत करायचो तशी. माझ्या कागदावर सिंहाच्या पाठीमागून अर्धं वर आलेलं सूर्याचं बिंब उमटलं, भोवती पानांची माळ उमटली. दुसऱ्या बाजूला अक्षरं होती, मला न येणाऱ्या लिपीत.

आमच्या महाविद्यालयात फारसी शिकवणाऱ्या एक निवृत्त बाई सदर बाजाराकडे राहतात. त्यांनी घासलेला कागद खिडकीच्या काचेवर धरला आणि चहा येण्याच्या आत वाचला: नासिरुद्दीन, शाह, क़ाजार. पुढचं पुसलेलं. सालाचे तीनच आकडे शिल्लक होते, १, २ आणि ९. चौथा आमच्या भोकात गेला होता. पण तेवढं पुरलं. नासिरुद्दीन शाह हा इराणचा बादशाह, कारकीर्द १८४८ ते १८९६. हिजरी १२९० ते १२९९ म्हणजे इसवी सनाची १८७३ ते १८८२ ही वर्षं. हिजरी वर्ष चांद्र, आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे हिजरी आकड्यातून शेकडा तीन वजा करून ६२२ मिळवले की इसवी सन जवळपास सापडतो. आमच्या नाण्याच्या कडेवर यंत्राने पाडलेल्या सारख्या दातेऱ्या आहेत, आणि तेहरानच्या टांकसाळीत यंत्र सुरू झालं ते १८७७ साली. त्याआधी हातोड्याने छाप मारत. तेव्हा हे नाणं १८७७ ते १८८२ या पाच-सहा वर्षांतलं.

किंमत लिहिलेली ओळ गेली होती, ती वजनाने सांगितली. इराणचं त्या काळचं मूळ चांदीचं नाणं क्रान, म्हणजे हजार दीनार, ४.६ ग्रॅमचं. दोन क्रानचं ९.२१ ग्रॅमचं. आमचं ८.९३ भरलं. भोकाची चिमूटभर चांदी सोडली तर दीडशे वर्षांत दंड, गळे, डबे आणि बोटं मिळून त्याची पाव ग्रॅम चांदी झिजली आहे. हा आकडा हाती आला तेव्हा मला झालेला आनंद मी नोकरीत कित्येक वर्षांत अनुभवला नव्हता.

टंचाचा प्रश्न राहिला. तो घरी सुटतो, आणि नाण्याला ओरखडाही न पाडता सुटतो. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा तराजू आता बाजारात सहज मिळतो. त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करायचा आणि दोऱ्याला बांधलेलं नाणं तळाला न टेकवता पाण्यात पूर्ण बुडवून धरायचं. तराजू जो आकडा दाखवेल, तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. आमच्या नाण्याने ०.८७ दाखवले. ८.९३ ला ०.८७ ने भागलं की १०.२६ येतात. शुद्ध चांदी पाण्याच्या १०.४९ पट जड असते, तांबं ८.९६ पट, आणि शेकडा ९० चांदी असलेलं मिश्रण १०.३ च्या आसपास. क्रानचा टंच ९०० च होता. चाळीस टक्के घट खरी असती, तर तराजूने ०.९१ दाखवले असते. एवढ्याशा तराजूने टंच अचूक निघत नाही. पण घट चाळीस टक्के नाही, एवढं तो ठामपणे सांगतो. सराफाने मनावर घेतलं असतं तर पाच मिनिटांत त्यालाही हे कळलं असतं.

आता हे नाणं लखनौत कसं आलं, हे पुस्तकात सापडण्यासारखं नाही, पण रस्ता दिसतो. अवधचे नवाब शिया, आणि इथल्या शिया घरांचा ओढा कर्बला, नजफ, मशहद या तीर्थांकडे. १८२५ साली गाज़ीउद्दीन हैदरने ईस्ट इंडिया कंपनीला एक कोटी रुपये कायमचे कर्जाऊ दिले. त्याच्या व्याजातून नेमून दिलेले तनखे जसजसे सरत गेले, तसतसा त्यातला वाटा नजफ आणि कर्बलाकडे जाऊ लागला. अवध खालसा झाल्यावरही ते पैसे जात राहिले. माणसंही जात राहिली: लखनौहून आगगाडीने मुंबई, मुंबईहून आगबोटीने बसरा. इराणी क्रान इराणच्या आखातातल्या बंदरांत आणि इराकच्या तीर्थनगरांत चालत असे. खालांच्या घरातलं कुणीतरी असं जाऊन आलं असणार आणि परतताना खिशात हे उरलं असणार. इमाम रज़ांची कबर इराणमध्ये, मशहदला. त्यांच्या नावाने बांधायचं नाणं त्यांच्याच मुलखातलं असावं, म्हणून खालांनी ते जपून ठेवलं होतं, असा माझा अंदाज आहे. आणि एका मराठी मास्तराच्या बायकोसाठी त्यांनी ते काढलं.

जुन्या परदेशी नाण्याविषयी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १८९३ पर्यंत आपल्या टांकसाळी खुल्या होत्या. कुणीही चांदी न्यावी, घडणावळ द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत. स्पेनचे डॉलर असोत की इराणचे क्रान, बंदरावर उतरलेली परदेशी चांदी सराफांच्या हातून टांकसाळीतल्या मुशीत जायची आणि कलदार होऊन बाहेर पडायची. जी परदेशी नाणी तरीही घरात राहिली, ती कुणीतरी मुद्दाम ठेवली म्हणून राहिली. कुणाच्या दंडावर, कुणाच्या देवघरात, कुणाच्या माळेत. आपल्या पुतळ्यांच्या माळेतली पुतळी मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणंच. कोकणातल्या बंदरांत एकेकाळी चालणारी लारी, दुमडलेल्या तारेसारखी, हीदेखील इराणच्या लार गावचं नाव घेऊन आलेली. म्हणून घरात उरलेलं परदेशी नाणं दिसलं, की ते का उरलं हे आधी विचारावं. उत्तर बहुतेक वेळा घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे असतं, आणि ते माणूस गेलं की जातं.

पैशात याची किंमत किती, तेही सांगते, कारण लोक तेच आधी विचारतात. ८.९३ ग्रॅममध्ये चांदी आठ ग्रॅम. किलोला लाख रुपये धरले तर आठशे रुपये. आणि संग्राहक? नासिरुद्दीनची दोन क्रानची नाणी दुर्मीळ नाहीत. एवढं झिजलेलं, वर भोक पाडलेलं नाणं चांदीच्या भावापेक्षा फारसं वर जाणार नाही. सुबक, न वापरलेलं, सालासकट असतं तर गोष्ट वेगळी. जुनं म्हणजे लाखाचं, हा समज मोबाइलवरच्या जाहिरातींनी इतका पसरवला आहे, की १९२० सालचा रुपया दाखवून लोक मला मुलीच्या लग्नाचं बोलतात. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून जुनी नाणी-नोटा विकत घेण्याच्या नावाखाली कमिशन आणि कर उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असं खुद्द रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर करावं लागलं. अशा माणसाला एक रुपयाही आगाऊ देऊ नये.

नाण्यावरचं सालसुद्धा फसवतं. माझ्या पुण्याच्या मावसबहिणीकडे मारिया थेरेसाचा मोठा, ठसठशीत थेलर आहे, साल १७८०. अडीचशे वर्षांचा ठेवा म्हणून तो तिने लॉकरमध्ये ठेवला होता. ऑस्ट्रियाची ती राणी १७८० साली वारली. पण अरबस्तान, येमेन, इथिओपिया इथले लोक तिच्या त्याच नाण्यावर विश्वास ठेवत, म्हणून तेच साल घालून ते नाणं पुढे दीड-दोनशे वर्षं पाडलं जात राहिलं. व्हिएन्नात पाडलं, रोममध्ये, पॅरिसमध्ये, लंडनमध्ये आणि दुसऱ्या महायुद्धात १९४० पासून आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही. २८ ग्रॅम वजन, टंच ८३३. तिचं नाणं फोर्टातल्या टांकसाळीत पाडलेलं असू शकतं, आणि मला तर ती शक्यता १७८० पेक्षा जास्त सुंदर वाटते. तिला वाटली नाही, पण आता ती त्याच्या कडेवरची अक्षरं भिंग घेऊन पाहते.

नाणं साफ करू नका, ही माझी कळकळीची विनंती. चिंच, राख, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, काहीही नको. चांदीवर चढलेला काळपट थर अक्षरांच्या खाचांत साठतो आणि त्यामुळेच झिजलेली अक्षरं वाचता येतात. घासून लखलखीत केलेल्या नाण्यावर माझ्या बॅटरीला काही सापडलं नसतं. संग्राहकही घासलेल्या नाण्याला हात लावत नाहीत.

आता मला जे मागायचं आहे त्याकडे येते. लखनौचं राज्य संग्रहालय १८६३ पासूनचं. बनारसी बागेत, प्राणिसंग्रहालयाच्या आवारात आहे. सहली हत्ती-वाघ पाहून तिथूनच परत फिरतात. या संग्रहालयातल्या मोगल नाण्यांची सूची सी. जे. ब्राउन यांनी १९२० साली दोन खंडांत छापली. हे गृहस्थ इथल्या कॅनिंग कॉलेजात शिकवायचे. जगभरचे नाण्यांचे अभ्यासक अजून ती सूची उघडतात. एवढी परंपरा असलेल्या संस्थेने महिन्यातला एक शनिवार सामान्य माणसासाठी ठेवावा. एक टेबल, एक तराजू, एक भिंग, नाणी वाचता येणारं एक माणूस. लोकांनी घरची नाणी आणावीत, ती कुठली ते जाणून घ्यावं आणि परत घेऊन जावीत. विकत घेणं नाही, ठेवून घेणं नाही. फक्त दोन्ही बाजूंचं छायाचित्र, वजन आणि घरचं सांगणं नोंदवून ठेवायचं. मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर इथल्या संग्रहालयांनीही हे करावं. आझमगढहून आलेल्या परमेश्वरीलाल गुप्त यांनी आपलं उतारवय नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था उभारण्यात घालवलं. उत्तर प्रदेशातल्या एका विद्वानाने महाराष्ट्राला दिलेला तो ठेवा आहे. ते ज्ञान सराफ्याच्या गल्लीपर्यंत पोचायला हवं.

लोक संग्रहालयात जायला भितात, हे मी ऐकलं आहे. सरकार जप्त करील, असं वाटतं. १८७८ चा निखात निधी कायदा जमिनीत पुरलेल्या धनासाठी आहे: दहा रुपयांहून अधिक मोलाचं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. आजीच्या डब्यातलं नाणं त्यात येत नाही. १९७२ चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष मानतो. ते देशाबाहेर न्यायला बंदी आहे आणि पुरावशेषांच्या धंद्याला परवाना लागतो. घरात ठेवायला, कुणाला दाखवायला आडकाठी नाही. एवढं चार ओळींत लिहून संग्रहालयाच्या दारावर लावलं तरी निम्मी भीती जाईल. इंग्लंडमध्ये १९९७ पासून लोकांना सापडलेल्या वस्तू ओळखून, नोंदवून देणारी व्यवस्था आहे. तिच्यात आजवर दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे, आणि त्यात नाणी ढिगाने आहेत.

सराफांकडेही मागणं आहे. परखणं हा त्यांचा पिढीजात धर्म. १६७४ साली इंग्रजांनी शिवाजी महाराजांच्या राज्यात आपलं नाणं चालावं असं कलम मागितलं, तेव्हा महाराजांनी ते अनावश्यक ठरवलं: तोटा होईल असं नाणं घ्यायला मी कुणावर बळजोरी करणार नाही, पण तुमचं नाणं कसाला आणि वजनाला इतरांच्या तोडीचं असेल तर त्याला मनाई नाही. हा निवाडा ज्यांच्या कसोटीवर टिकायचा, ते बाजारपेठांतले सराफ होते. त्यांच्या आजच्या वारसांनी ओळख न पटलेलं परदेशी नाणं आठ दिवस परातीबाहेर ठेवावं, मोबाइलवर दोन फोटो घ्यावेत, वजन लिहावं आणि संग्रहालयाला पाठवावेत. आठ दिवसांनी गलवायचं तर खुशाल गलवा. निदान ते होतं, याची नोंद राहील.

आमचं नाणं मी विकणार नाही. खालांचे नातलग आता या शहरात कुणी नाहीत. मी विचारपूस केली. आजीकडून राहिलेलं दान मी गेल्या मोहरममध्ये केलं. नाण्याच्या चांदीचे लाखाच्या भावाने आठशे रुपये होतात तेवढे, हुसैनाबादच्या इमामबाड्याबाहेर, खालांच्या नावाने. नाणं आता आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात आहे, सोबत हिरव्या पट्टीचा उरलेला तुकडा. पाकिटावर मी शिशाच्या पेन्सिलीने लिहिलं आहे: "इराण. नासिरुद्दीन शाह. दोन क्रान. तेहरान, हिजरी १२९-. ८.९३ ग्रॅम, टंच ९००. भोक आमच्या घरचं, १९४१-४२. कैसरबागेतल्या खालांनी आजीच्या उजव्या दंडावर बांधलं, लखनौ ते सातारा. सुखरूप पोचली."